धूळ कुणीकडची

आमच्या घरात रंग बोलायचा हक्क एकट्या अण्णांना होता. अण्णा म्हणजे माझे वडील. बंगळूरच्या चिकपेटे बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं घर. पुढं दोन खोल्या, मधे स्वयंपाकघर आणि मागच्या अंगणात भट्टी. भट्टीवर तांब्याची मोठाली तपेली, खाली लाकडांचा जाळ, आणि वेळूच्या काठ्यांवर ओवलेल्या रेशमाच्या लडी त्या रंगाच्या पाण्यात बुडवून सारख्या फिरवायच्या. त्या पाण्याचा चुळुक चुळुक आवाज सकाळपासून घरभर भरलेला असे. ओल्या रेशमाला एक वास असतो, काहीसा कुबट, काहीसा गोड. तो आमच्या केसांना, अंथरुणांना आणि आईच्या आमटीलासुद्धा लागलेला असायचा. बाहेरचं माणूस आलं की नाक मुरडायचं, आम्हाला मात्र सुट्टीत परगावी गेलो की तो नसल्यामुळं झोप येत नसे. रंग चढत आला की अण्णा एक लड उचलून पिळायचे, जाळाजवळ धरून सुकवायचे आणि परसदारी उजेडात नेऊन बघायचे. तेवढा वेळ घरानं गप्प बसायचं. आई वाटणाचा रगडा फिरवायची थांबे. भट्टीवरचे आमचे चिक्कप्पा, म्हणजे अण्णांचे धाकटे भाऊ, हातातली काठी हातातच धरून उभे राहत. मग अण्णा म्हणायचे, "सरी." कानडीतलं 'ठीक आहे'. तो शब्द पडला की सगळं घर परत बोलायला लागायचं.

त्याआधी कुणी 'छान आलाय' एवढंसुद्धा म्हणायचं नाही. कानावर पडलेला शब्द डोळ्यात उतरतो आणि मग माणूस रंग बघत नाही, तो शब्द बघतो, असं अण्णांचं म्हणणं. दुसरा नियम याहून कडक होता. पेटेतले बाकीचे रंगारी प्रत्येक घाण्यातला सुताचा तुकडा जपून ठेवत आणि पुढच्या वेळी त्याच्याशी ताडून बघत. आमच्या घरानं नमुना कधी ठेवला नाही. आजोबांनी नाही, पणजोबांनी नाही. "सुताचा रंग उडतो, नजरेचा उडत नाही," असं अण्णा म्हणत आणि गिऱ्हाइकाला वर्षामागून वर्षं तोच रंग आठवणीतून काढून देत. पेटेत त्यांचं नाव होतं ते यामुळंच. आमचे पूर्वज कधीतरी फौजेबरोबर इकडं आले आणि इथंच राहिले. त्यामुळं आमची मराठी पुण्याच्या पाहुण्यांना गमतीची वाटे, पण अण्णांचा वांगी रंग बघून तेच पाहुणे गप्प होत.

मी या घरातली कॉलेजात गेलेली पहिली मुलगी. तेही फिजिक्स घेऊन. आईला कुणी विचारलं की ती "उजेडाचं काहीतरी शिकते" असं सांगायची, आणि मला अजून वाटतं की याहून चांगलं कुणी सांगितलेलं नाही. आमच्या फिजिक्सच्या सरांना आकाशाचं वेड होतं. रूपविकारी तारे, म्हणजे ज्यांचं तेज कमीजास्त होत राहतं असे तारे, हा त्यांचा खास विषय. वर्गातल्या प्रत्येकाला त्यांनी एकेक तारा वाटून दिला होता. माझ्या वाट्याला तिमिंगल नावाच्या तारकासमूहातली मीरा आली. ही मीरा लालसर, अवाढव्य आणि श्वास घेतल्यासारखी फुगणारी आणि आकसणारी. जवळजवळ वर्षभरात तिचं एक आवर्तन होतं. काही महिने ती नुसत्या डोळ्यांनी सहज दिसते आणि मग अशी मंदावते की त्या जागी काही होतं यावर विश्वास बसत नाही. सर सांगत की प्रत्येक फुगण्यासरशी ती आपल्या अंगावरचा वायू बाहेर ढकलते, तो वायू दूर जाऊन थंड झाला की त्यात काजळीसारखी, वाळूसारखी बारीक धूळ धरते, आणि अशा ताऱ्याभोवती मग वायूचा आणि धुळीचा एक मोठा वेढा तयार होतो. हे तेव्हा नुकतंच कुठं लोकांच्या ध्यानात येत होतं. आता तर त्या मीरेमागं वायूचं लांबच लांब शेपूटसुद्धा सापडलंय, ती आकाशातून धावताना मागं सांडत गेलेली. सरांना हे कळलं असतं तर ते वर्गात नाचले असते.

हे सगळं मी एका संध्याकाळी जेवताना घरी सांगितलं. आईनं "बरं" म्हणून आमटी वाढली. अण्णा मात्र घास हातात धरून बसले. "ती धूळ कुठला रंग खाते?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, निळा आधी खाते, म्हणून धुळीतून आलेला उजेड तांबूस होतो. "म्हणजे तुमच्या बाईचा खरा रंग कुणी बघितलेलाच नाही," अण्णा म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला माझ्याआधी गच्चीवर जाऊन उभे राहिले. ताऱ्याचं तेज मोजायचं म्हणजे शेजारच्या न बदलणाऱ्या ताऱ्यांशी त्याची तुलना करायची, त्याच्याहून किती पायऱ्या जास्त किंवा कमी ते सांगायचं. हे अण्णांना शिकवावं लागलंच नाही. जन्मभर त्यांनी दुसरं केलंय काय. फक्त घरचा नियम त्यांनी गच्चीवरही आणला. आकडा तोंडानं बोलायचा नाही. दोघांनी दोन वाट्या घ्यायच्या, जितक्या पायऱ्या तितके चिंचोके आपापल्या वाटीत टाकायचे आणि खाली जाऊन दिव्याखाली ओतून बघायचे. आमचे चिंचोके इतके जुळत की सर चकित झाले. वर्गातल्या इतर मुलांचे आकडे वाऱ्यावर उडाल्यासारखे असायचे. सर दोनतीनदा घरी आले, गच्चीवर अण्णांशी तासभर बोलले आणि आईच्या हातचं उप्पिट खाऊन गेले. अण्णा त्यांना 'सर' म्हणत आणि सर अण्णांना 'सर' म्हणत. आई आतून हसत असे.

पहिले हिवाळे असे सुखाचे गेले. बंगळूरच्या थंडीत अवरेकाळू येतात, वालासारखे दाणे, त्यांची आमटी, त्यांचं उप्पिट, त्यांची रोटी, दुसरं काही रांधायचं नाही असा घरोघरी चंग बांधलेला असायचा. संध्याकाळी आई आणि मी ओसरीवर बसून भिजवलेले दाणे चिमटीत दाबून सोलायचो. दाणा सालीतून उडून समोरच्या भिंतीवर जायचा आणि आई माझ्या नावानं ओरडायची. घरात एक चेष्टा चालायची ती नीळ घालण्यावरून. अण्णांना दुसऱ्यानं धुतलेलं पटत नसे, तेव्हा आपल्या धोतर-पंचांना शेवटची नीळ ते स्वतः घालायचे. आणि दर वर्षी ती वाढतच चालली होती. "काय ओ, आज आभाळ नेसून निघालात?" असं आई म्हणायची. "पिवळं राहिलंय, दिसत नाही तुला? डोळे आहेत की काय आहे?" असं अण्णा उलट तिलाच विचारायचे. चिक्कप्पा खाली मान घालून हसायचे. आम्ही सगळेच हसायचो.

मग तो हिवाळा आला. मीरा त्या वेळी चढत होती, रोज थोडी जास्त, आणि सरांनी आम्हाला एकही संध्याकाळ चुकवू नका म्हणून बजावलं होतं. पहिल्याच आठवड्यात आमचे चिंचोके जुळेनात. माझ्याहून अण्णांच्या वाटीत जास्त पडायचे. मला वाटलं मीच चुकतेय, नजर बसली नाही. लाल ताऱ्याकडं टक लावून पाहिलं की तो उगाच तेजस्वी वाटू लागतो हे सरांनी सांगितलेलं होतं. तेव्हा अण्णा टक लावतात की काय म्हणून मी त्यांच्याकडं चोरून पाहिलं, तर ते एकदा मीरेकडं, एकदा शेजारच्या निळसर ताऱ्याकडं, झटकन नजर टाकून मोकळे होत होते. चूक काढायला जागाच नव्हती. "तुझी नजर अभ्यासानं शिणली," त्यांनी मला सांगितलं, आणि सर आले तेव्हा त्यांनाही सांगितलं, "सर, या वर्षी बाईभोवतीची धूळ निवळलीय. मला स्वच्छ दिसतंय. निळसर तारे फिके पडलेत तिच्यापुढं." सरांचा चेहरा उजळला. वेढ्यातली धूळ एखाद्या आवर्तनात पातळ होत असेल का, हाच त्यांचा प्रश्न होता. महिनाअखेरीला अभ्यासकांची एक बैठक होती. "तिथं मी तुमचं नाव घेऊन सांगणार," सर अण्णांना म्हणाले. "पण त्याआधी एक संध्याकाळ तुमच्याबरोबर उभा राहून पाहतो."

त्याच दिवसांत शेट्टर आले. पेटेतले रेशमाचे मोठे व्यापारी, अण्णांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या मोठ्या मुलीच्या लग्नातल्या साड्यांना अण्णांनी वांगी रंग दिला होता. त्याच घाण्यातल्या उरलेल्या सुताचं आईचं एक लुगडं झालं होतं, सणावाराला ती तेच नेसायची. आता धाकटीचं लग्न होतं आणि शेट्टरांना तोच वांगी हवा होता, तसूभरही फरक नको. "दोघी बहिणी शेजारी उभ्या राहिल्या तर एका झाडाची वांगी वाटली पाहिजेत," असं ते हसून म्हणाले, आणि मग न हसता म्हणाले, "अण्णा, तुमच्या शब्दावर व्याह्यांना सांगून बसलोय." सूत एवढं होतं की वर्षभराचं काम एका घाण्यात. एकदा रंगलं की परत पांढरं होत नाही. अण्णांनी नेहमीप्रमाणं नमुना मागितला नाही, बघायला साडीसुद्धा मागितली नाही. कपाळावर बोट टेकवलं, इथं आहे म्हणून.

सर यायच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. गच्चीवर एका कोपऱ्यात दिवाळीतला आकाशकंदील तसाच पडून होता. त्याचा पिवळा जिलेटीनचा कागद फाटून वाऱ्यावर फडफडत होता. त्या संध्याकाळी मी चिडलेली होते. आम्ही रोज दोन तुलना करायचो: तिमिंगलातल्याच एका तांबड्या ताऱ्याशी मीरेला ताडून पाहिलं की आमचे चिंचोके बरोब्बर जुळत, आणि निळसर ताऱ्याशी पाहिलं की अण्णांचे वाढत. धूळ निवळली असती तर दोन्हीकडं वाढायला हवे होते. हे कोडं मनात घोळवत असताना मी तो जिलेटीनचा कागद फाडून उगाच डोळ्यासमोर धरला, आणि निळसर तारा मंदावला. मीरा तशीच राहिली. मी चिंचोके मोजले तर अण्णांच्या वाटीइतके भरले. कागद तसाच डोळ्यासमोर धरून मी वळून पाहिलं. अण्णा जिन्यातल्या बल्बखाली उभे होते, खांद्यावर तो पंचा, ज्याच्या निळीवरून घर हसायचं. कागदातून तो पंचा शुभ्र पांढरा दिसत होता. अगदी हवा तसा.

"काय बघतेस ग?" अण्णांनी विचारलं. मी कागद मुठीत चुरगाळला आणि "काही नाही" म्हटलं.

आईनं अवरेकाळूची आमटी दुसऱ्यांदा वाढली तशीच ताटात राहिली. अण्णांच्या डोळ्यावर पिवळेपणा चढत होता, आणि त्यांना तो कळणं शक्य नव्हतं, कारण जग हळूहळू पिवळं होतं तेव्हा तो आपला डोळा आहे असं कुणाला वाटतं? ते वांगी रंग आठवणीतून काढणार होते. त्यांच्या डोळ्याला हवा तेवढा निळा दिसेपर्यंत निळा घालत राहणार होते, पंचांना घालत होते तसेच. आणि मग शाईसारखं सूत बघून "सरी" म्हणणार होते. घरात कुणीही काही बोलणार नव्हतं, कारण बोलायचंच नाही असा नियम. रात्री भांडी विसळताना चिक्कप्पा मागच्या दारात येऊन उभे राहिले. ते फार कमी बोलत. "इंदू," ते म्हणाले, "आज छोट्या तपेल्यात एक लड काढून बघितली अण्णांनी. सरी म्हणाले." मी भांडं खाली ठेवलं. "तुम्हाला कशी दिसली?" "मी काय सांगू. वहिनींचं लुगडं डोळ्यासमोर आलं, आणि लडीकडं परत बघवेना." "मग अण्णांना सांगा की." चिक्कप्पांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी काही अभद्र बोलले होते. "परवा सकाळी सगळं सूत पडणार," ते म्हणाले आणि गेले.

दुसरा दिवस मी कसा काढला मला आठवत नाही. अण्णांना सरळ सांगायची माझी छाती नव्हती, आणि सांगितलं असतं तरी उपयोग नव्हता. "तुझी नजर शिणली" हेच उत्तर मिळालं असतं. ते माझ्या शब्दावर विश्वास ठेवणार नव्हते, कुणाच्याच नाही. ज्या एका गोष्टीवर ते विश्वास ठेवत ती म्हणजे त्यांच्या स्वतःच्या वाटीतले चिंचोके. तेव्हा ते तिथूनच यायला हवं होतं, आणि दोन्ही डोळे सारखेच पिवळे झाले नसतील एवढीच माझी आशा होती. पण संध्याकाळी सर येणार होते. परक्या माणसासमोर, तेही आपल्याला 'सर' म्हणणाऱ्या माणसासमोर, अण्णांच्या डोळ्याची परीक्षा घ्यायची कशी? आणि थांबावं तर सकाळी सूत पडणार.

सर आले ते उत्साहानं आले. हवा कोरडी, आकाश पुसून काढल्यासारखं. तिमिंगल डोक्यावर होता. अण्णांनी ताजा धुतलेला पंचा खांद्यावर टाकला होता. त्यांनी सरांना बोट दाखवून तांबडा तारा, निळसर तारा, मधली मीरा असं सगळं समजावलं, जसं काही सरांनीच ते आम्हाला शिकवलं नव्हतं. मी चिंचोक्यांच्या वाट्या मांडल्या. दोन नाही, तीन. "अण्णा," मी म्हटलं, "आज एकेका डोळ्यानं बघू या का? आधी डावा झाकून, मग उजवा. दोन्हीचे चिंचोके वेगळे ठेवा."

"ते का?"

"मोठ्या दुर्बिणीतून एकाच डोळ्यानं बघतात की. बैठकीत कुणी विचारलं तर सांगता येईल." हे मी त्याच क्षणी रचलं. सरांनी माझ्याकडं पाहिलं. मग ते हळूच म्हणाले, "करा सर. चांगली पद्धत आहे."

अण्णांनी डावा डोळा तळहातानं झाकला. मीरा, निळसर तारा, मीरा. चिंचोके पडल्याचे आवाज मी ऐकले, वाटीच्या तळाशी टक टक. मग उजवा झाकला. या वेळी ते जास्त वेळ बघत राहिले. एकदा हात काढून परत झाकला. टक, टक, टक, टक, आणि थांबून आणखी टक. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. अण्णांनी दोन्ही वाट्या उचलल्या, पण खाली दिव्याकडं नेल्या नाहीत. अंधारातच बोटांनी चाचपून चिंचोके मोजले. एक वाटी, मग दुसरी, मग परत पहिली. सर जिन्याच्या कठड्याशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. त्यांना कळलं होतं. त्या एका गोष्टीसाठी मी त्यांची आजही ऋणी आहे.

"इंदू," अण्णा म्हणाले, "तारा एकच ना?"

"एकच, अण्णा."

"मग एका डोळ्यापुरती धूळ कशी निवळेल?"

मुठीत तो पिवळा कागद होता तो मी त्यांना द्यावा की न द्यावा हे ठरवता येईना. शेवटी दिला. त्यांनी तो उजव्या डोळ्यासमोर धरला, वर पाहिलं, मग तो बाजूला केला आणि डाव्यानं पाहिलं. जन्मभर दोन लडी शेजारी धरून पाहिलेला माणूस, त्याला आणखी काही सांगावं लागलं नाही. मग ते म्हणाले, "पंचा निळा आहे काय ग माझा?"

"आहे," मी म्हटलं आणि रडायला लागले. मला वाटलं होतं ते रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते पंचा खांद्यावरून काढून हातात घेऊन त्याच्याकडं बघत राहिले, दिवा नसताना.

सरांनी जाताना एवढंच म्हटलं, "बैठकीत मी या वर्षी काही सांगणार नाही." अण्णांनी त्यांना जिन्यापर्यंत पोचवलं आणि नमस्कार केला. सरांनी वाकून केला.

सकाळी भट्टी नेहमीसारखी पेटली. मी कॉलेजला निघणार तोच अण्णांनी मागून हाक मारली. अंगणात चिक्कप्पा काठी धरून उभे होते. मोठं तपेलं उकळत होतं, शेजारी शेट्टरांचं सगळं सूत पांढरंशुभ्र गठ्ठ्यांनी पडलेलं. अण्णांनी छोट्या तपेल्यातून एक लड काढली, पिळली, सुकवली आणि परसदारी नेली. नेहमीसारखं घर गप्प झालं. रगडा थांबला. मग त्यांनी ती लड स्वतः न बघता माझ्यापुढं धरली.

"बोल."

त्या दारात अण्णांशिवाय कुणी कधी बोललं नव्हतं. चिक्कप्पा आपल्या पायांकडं बघत होते. तेवढ्यात आई आतून आली. काही न विचारता, काही न बोलता तिनं आपलं वांगी रंगाचं लुगडं दाराच्या कडीवर टाकलं आणि पदराला हात पुशीत बाजूला उभी राहिली. आमच्या घरात आलेला तो पहिला नमुना. अण्णांनी त्याच्याकडं पाहिलं. वाटलं आता भडकतील. पण ते बाजूला सरले आणि उजेड माझ्यासाठी मोकळा केला.

"निळा जास्त आहे, अण्णा."

"चिंचोक्यांत सांग."

मी लुगड्याकडं पाहिलं, लडीकडं पाहिलं. झटकन, टक न लावता. "चार."

चिक्कप्पांच्या तोंडून सुस्कारा निघाला, किती दिवसांचा कोण जाणे. अण्णांनी तांबड्याच्या डब्यात बोटं घातली. किती घ्यायचं हे त्यांच्या बोटांना ठाऊक होतं, त्यासाठी डोळा लागत नव्हता. दुसरी लड. "दोन." तिसरी. मी फार वेळ घेतला. चूक झाली तर ती माझ्या तोंडून होणार होती, शेट्टरांच्या साड्या, व्याह्यांपुढं त्यांची मान, अण्णांचं नाव, सगळं माझ्या एका शब्दावर. चौथी लड आली तेव्हा ती कडीवरच्या लुगड्याशेजारी धरली आणि दोन्ही मिळून एकच झालं. कुठं एक संपतं आणि कुठं दुसरं सुरू होतं ते दिसेना. अण्णा माझ्या तोंडाकडं बघत होते, लडीकडं नाही.

"सरी," मी म्हटलं.

"मोठ्यानं बोल. आत ऐकू गेलं पाहिजे."

"सरी!"

अण्णांनी त्याच मापानं मोठ्या तपेल्यात रंग टाकला आणि चिक्कप्पांनी पहिली काठी त्यात घातली. रगडा परत फिरायला लागला. शेट्टरांनी साड्या बघून काही म्हटलं नाही, आणि शेट्टरांनी काही म्हटलं नाही म्हणजे पसंत, हे पेटेत सगळ्यांना ठाऊक होतं. त्यानंतर भट्टी बंद होईपर्यंत आमच्याकडं रंग मी बोलत होते, कॉलेजला जायच्या आधी आणि आल्यावर. अण्णा शेजारी उभे राहून "किती?" विचारत.

तो पिवळेपणा मोतीबिंदूचा होता, आणि मोतीबिंदू पिकल्याशिवाय काढायचा नाही असा तेव्हाचा शिरस्ता, तेव्हा अण्णांना बरीच वर्षं थांबावं लागलं. सगळं कळूनही नीळ मात्र ते आपल्याच नजरेनं घालत राहिले. शस्त्रक्रिया झाल्यावर जाड भिंगांचा चष्मा लावून ते घरी आले आणि दोरीवर वाळणारे आपलेच पंचे बघून दारातच उभे राहिले. "अग, हे काय नेसवून मला पेटेत फिरवत होतीस इतकी वर्षं?" त्यांनी आईला विचारलं. "नीळ कोण घालत होतं?" आई म्हणाली. दोघं इतकी हसली की आईला ठसका लागला. ते सगळे पंचे अण्णांनी त्याच दिवशी वाटून टाकले. आईनं एक लपवून ठेवला होता.

तो माझ्याकडं आहे. सर्जापूर रोडच्या या फ्लॅटमधून एकही तारा दिसत नाही, पण कपाटात वरच्या कप्प्यात तो पंचा असतो आणि अधूनमधून मी तो काढून बघते. गेली काही वर्षं मला वाटत होतं की त्याची नीळ उडाली. इतक्या वर्षांत उडणारच, सुताचा रंग उडतो, असं मनाशी म्हणून मी तो परत घडी करून ठेवायची. गेल्या महिन्यात माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. आता ते काम चहा प्यायच्या वेळात होतं. घरी आले, रुमाल काढायला कपाट उघडलं, आणि पंचा निळा होता. गच्चीवर होता तेवढाच निळा. नीळ कुठंही गेलेली नव्हती. मी डावा डोळा झाकला, मग उजवा झाकला, मग परत डावा. नातीला हाक मारून विचारलं, "हा कसा दिसतो ग तुला?"

"निळा," ती म्हणाली. "का?"

"सरी," मी म्हटलं, आणि पलंगावर बसून राहिले.